पायथ्याचा भोग, माथ्याचा योग : नंदीची दोन मंदिरे

बदली होऊन बंगळूरला आलेल्या मराठी अधिकाऱ्याला पहिल्या महिना-दोन महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणारा कधी शाखेतला सहकारी असतो, कधी घरमालक, तर कधी मुलांच्या शाळेत भेटलेले एखादे पालक. प्रश्न ठरलेला : "नंदी हिल्स पाहून आलात का?" मग एखाद्या रविवारी पहाटे चारला उठून, मुलांना अर्धवट झोपेत गाडीत घालून, बळ्ळारी रस्त्याने साठ किलोमीटरचा प्रवास होतो. माथ्यावर कठड्याला टेकून ढगांचा समुद्र पाहायचा, सूर्य वर येताना छायाचित्रे काढायची, गरम चहा घ्यायचा आणि दहाच्या आत परतीला लागायचे, असा तो कार्यक्रम असतो. त्यात गैर काहीच नाही. तो ढगांचा देखावा आहेच तसा. मात्र ज्याच्या नावाने हा डोंगर ओळखला जातो, तो नंदीश्वर या धावपळीत बहुतेकांना भेटत नाही. डोंगराच्या पायथ्याशी, नंदी नावाच्याच लहानशा गावात बाराशे वर्षांचे एक मंदिर उभे आहे. ते मुख्य वाटेपासून थोडे आत पडते आणि पहाटेच्या अंधारात गाडी पुढे निघून जाते.

हे मंदिर भोगनंदीश्वराचे. डोंगराच्या माथ्यावर आहे ते योगनंदीश्वराचे. देव एकच, शिव. पण खाली तो संसारी आहे आणि वर विरक्त. एकाच देवाच्या या दोन अवस्था एकाच डोंगराच्या दोन टोकांना वसवलेल्या आहेत. त्यामुळे नंदीची यात्रा पायथ्यापासून सुरू केली तरच पुरती होते. केवळ माथा पाहून परतणारा प्रवासी एखाद्या ग्रंथाचे शेवटचे पान तेवढे वाचून उठतो.

डोंगरमाथ्यावर देवालय बांधण्याची हौस जगात सर्वत्र आढळते. फ्रान्समध्ये व्हेझले येथे टेकडीच्या माथ्यावर रोमनेस्क शैलीतले एक प्रसिद्ध चर्च आहे. त्याचा मुख्य भाग बाराव्या शतकातला असून जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश १९७९ साली झाला. तेथे गावातील चढत्या रस्त्याने यात्रेकरू वर जातो आणि सर्वांत भव्य, सर्वांत अलंकृत अशी वास्तू त्याला चढ संपल्यावर सामोरी येते. जेजुरीला काय किंवा वणीला काय, आपल्याकडेही चढणाऱ्याची आस माथ्यावरच लागलेली असते. नंदीला नेमके उलटे आहे. कोरीव काम, मंडप, पुष्करिणी, रथोत्सव असे सारे वैभव पायथ्याशी आहे. जसजसे वर जावे तसतसे ते गळत जाते आणि माथ्यावर उरते ते लहानसे, साधे देऊळ. या मांडणीचा अर्थ ध्यानात आला म्हणजे दोन्ही देवळे पाहण्याची दृष्टी बदलते.

नंदी हे नाव जुने आहे. तलकाडचे गंग राजे आपल्या बिरुदावलीत स्वतःला अभिमानाने 'नंदगिरिनाथ' म्हणवीत. डोंगराचे स्वामित्व ही राजाच्या नावापुढे लावण्याजोगी गोष्ट होती, इतके त्याचे महत्त्व. मंदिराचा सर्वांत जुना लेखी पुरावा मात्र मराठी वाचकाला ओळखीच्या वाटणाऱ्या एका राजघराण्याकडे घेऊन जातो. इ.स. ८०६ च्या सुमाराचे चिक्कबळ्ळापूरचे ताम्रपट राष्ट्रकूट सम्राट तिसरा गोविंद याच्या काळातले आहेत. बाण घराण्यातील बाणविद्याधर या राजाची राणी रत्नावली हिचे नाव या शिवालयाशी जोडले जाते ते त्यांच्याच आधारे. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतल्या आणखी काही लेखांतून नोळंब आणि बाण घराण्यांतील राजांचीही नावे पुढे येतात.

तिसरा गोविंद म्हणजे ज्याने वेरूळचे कैलास लेणे कोरविले त्या पहिल्या कृष्णाचा नातू. त्याचा नाशिक जिल्ह्यातील वणी-दिंडोरीचा ताम्रपटही प्रसिद्ध आहे आणि तो नंदीच्या ताम्रपटानंतर दोन-एक वर्षांतलाच आहे. एकीकडे गोदावरीच्या खोऱ्यातील गाव आणि दुसरीकडे पिनाकिनीच्या उगमाजवळचे देऊळ. दोन्हींच्या दानपत्रांवर एकाच सम्राटाचे नाव. महाराष्ट्रातून बंगळूरला येणाऱ्यास आपण परक्या मुलखात आलो असे वाटत असेल, तर हा योगायोग विसरता येण्याजोगा नाही.

दानपत्र म्हणजे काय, हे बँकेच्या वाचकांस फार समजावून सांगावे लागणार नाही. तांब्याचे दोन-तीन पत्रे एका कडीत ओवलेले असत आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा उमटवलेली असे. मजकुराचा क्रमही बहुधा ठरलेला होता : आधी दात्याच्या वंशाची प्रशस्ती, मग दानाची तिथी व कारण, दान घेणाऱ्याचे नाव आणि जमिनीच्या चारही दिशांच्या सीमा. पूर्वेला अमुक ओढा, दक्षिणेला तमुक वारूळ, पश्चिमेला चिंचेचे झाड, अशा थाटाने चतुःसीमा लिहिलेल्या असत. आजच्या गहाणखतातील मालमत्तेची अनुसूची याहून फारशी निराळी नसते. त्या जमिनीवर कोणते कर माफ आहेत तेही नमूद केलेले असे. चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान चालावे, अशी मुदत घातलेली असे. आणि शेवटी, जो हे दान हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होऊन राहील, असा शाप.

या शापाची गंमत वाटते खरी, पण त्यामागे एक व्यावहारिक अडचण होती. दान देणारा राजा मरणार, त्याचे घराणेही कधीतरी बुडणार आणि नवा राजा मागच्याची वचने पाळण्यास बांधलेला नव्हता. वचन पाळायला लावणारे न्यायालयही नव्हते. मग भावी राजाला बांधून ठेवायचे कसे? पुण्याचे आमिष आणि पापाचे भय, एवढीच साधने दात्याच्या हाती होती. शिलाहार-यादवांच्या काळात महाराष्ट्रात उभारलेल्या गधेगाळी याच जातीच्या. त्यांवरची शिवी भाषेने अधिक रांगडी, इतकाच फरक.

'मुद्दल राखून उत्पन्नावर खर्च चालवावा' ही कल्पना तर राष्ट्रकूटांच्याही सातशे वर्षे आधीची. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत, असे लेखात लिहिले आहे. हिशेब करून पाहावा : दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तेवढेच. ताळेबंद चोख जुळतो. दानाच्या या पद्धतीला त्या लेखात 'अक्षयनीवी' म्हटले आहे. नंदीसारख्या देवळांना जमिनी मिळाल्या त्याच विचाराने. जमीन हे मुद्दल. तिचे उत्पन्न म्हणजे दिव्याचे तेल, नैवेद्याचा तांदूळ आणि पुजाऱ्याची उपजीविका. देऊळ बांधणे हा एकदाचा खर्च. ते चालविणे हा मात्र रोजचा, आणि देवळे पडली ती बहुधा या दुसऱ्या खर्चाची सोय आटली म्हणून.

नंदीचे देऊळ पडले नाही. राष्ट्रकूट गेले, बाण आणि नोळंब गेले, गंगांचे राज्य चोळांनी घेतले. चोळांमागून होयसळ, त्यांच्यामागून विजयनगर, मग येलहंकेचे गौड नायक आणि चिक्कबळ्ळापूरचे पाळेगार, पुढे हैदर व टिपू आणि अखेरीस इंग्रज. एवढ्या सत्ता बदलल्या तरी प्रत्येकाने मागच्याचे बांधकाम राखले आणि शेजारी आपले थोडेसे जोडले. बाराशे वर्षांची ही जोडणी कशी झाली ते पाहणे, हाच येथील भेटीचा मुख्य आनंद.

प्राकाराच्या दारातून आत गेल्यावर प्रशस्त फरसबंद अंगण लागते. भोवताली खांबांच्या ओवऱ्या आहेत. समोर पूर्वेकडे तोंड करून दोन मोठी देवळे शेजारी शेजारी उभी आहेत. दक्षिणेचे अरुणाचलेश्वराचे आणि उत्तरेचे भोगनंदीश्वराचे. दोहोंवर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत जाणारी शिखरे आहेत आणि दोन्ही गाभाऱ्यांत मोठी शिवलिंगे आहेत. प्रत्येकासमोर स्वतंत्र मंडपात एकेक नंदी गाभाऱ्याकडे दृष्टी लावून बसला आहे. दक्षिणेचे देऊळ गंगांचे आणि उत्तरेचे चोळांचे, असे परंपरा सांगते. उत्तरेच्या देवळात एका राजपुरुषाची मूर्ती आहे. ती राजेंद्र चोळाची मानतात. कलेतिहासकार जॉर्ज मिशेल यांना मात्र या दोन्ही वास्तूंत नवव्या-दहाव्या शतकातील नोळंब शैलीची खूण दिसते. ती खूण म्हणजे भिंतींवरचे सडपातळ भित्तिस्तंभ आणि दगडी जाळीच्या खिडक्या.

या खिडक्यांसाठी प्रत्येकाने देवळाभोवती एक प्रदक्षिणा खास घालावी. अरुणाचलेश्वराच्या दक्षिण भिंतीत एक खिडकी आहे. तिच्या जाळीत नृत्य करणारा शिव कोरला आहे. भोगनंदीश्वराच्या उत्तर भिंतीतील खिडकीत महिषाच्या मस्तकावर उभी असलेली दुर्गा आहे. खिडकीचे काम उजेड आत सोडण्याचे. येथे तो उजेड देवाच्या हातापायांमधून झिरपत आत येतो. मूर्ती भिंतीवर चिकटवलेली नाही, ती भिंतीतूनच आरपार मोकळी केली आहे. आणि हे सारे ग्रॅनाइटात! आपल्याकडच्या लेण्यांचा काळा बेसाल्ट काही मऊ नव्हे. पण ग्रॅनाइटाचे कण भरड आणि कठीण असतात, त्यातून बारीक रेषा काढताना छिन्नीची धार लवकर जाते. जाळीची एक पट्टी तुटली की अख्खी शिळा वाया. त्या पाथरवटांनी किती शिळा वाया घालवल्या असतील, याचा हिशेब मात्र कोणत्याही ताम्रपटात नाही.

दोन मोठ्या देवळांच्या मधोमध उमामहेश्वराचे छोटे देवालय आहे आणि त्यापुढे कल्याणमंडप. हा मंडप सोळाव्या शतकातला, विजयनगर काळातला, असे मिशेल यांचे मत. येथील स्तंभ काळसर-हिरवट, तुकतुकीत दगडाचे आहेत. त्यांवर शिवपार्वतीसह देवदेवतांची जोडपी, सेवेत उभ्या असलेल्या स्त्रिया, वेलबुट्टी आणि त्या वेलींत लपलेले पक्षी आहेत. काहींना ही कारागिरी पाहून होयसळांची आठवण होते, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. मुलांना बरोबर आणले असेल तर त्यांना पक्षी मोजायला सांगावे. अर्धा तास सहज जातो आणि मोठ्यांना निवांत पाहता येते. मागचे छोटे देवालय येलहंकेच्या गौड नायकांच्या काळात बांधले गेले. बंगळूर शहर वसविणारा केंपेगौडा याच घराण्यातला. देवालयाच्या भिंतीवर देव आणि ऋषी यांची मिरवणूक कोरलेली आहे.

येथेच एक जागा अशी आहे की जिच्यासमोर जाणकारही थबकतात. मूळच्या दोन देवळांमधली मोकळी जागा नंतरच्या बांधकामाने भरून काढताना जोडभिंत घालावी लागली. ती घालणाऱ्याने आपला काळ, आपली शैली मिरवली नाही. शतकांपूर्वीच्या भिंतीचे थर, भित्तिस्तंभांची अंतरे, वळचणीची रेषा हे सगळे त्याने असे जुळवून घेतले की जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते ते पटकन सांगता येत नाही. जुन्या देवळाला ऑइलपेंट फासण्याच्या आणि गुळगुळीत फरश्या बसविण्याच्या आपल्या उत्साहाला त्या अनामिक गवंड्याने कधीच उत्तर देऊन ठेवले आहे.

मराठी डोळ्याला हेमाडपंती देवळांची सवय असते. अंबरनाथचे शिवालय १०६० सालचे. त्याच्या भिंती तारकेसारख्या कोनांनी मोडत जातात आणि शिखराच्या उभ्या रेषा नजरेला सरळ वर ओढतात. नंदीला भिंत बव्हंशी सपाट आहे आणि शिखर मजल्यामजल्यांनी, जणू दम घेत, वर चढते. ही द्राविड पद्धत. दोन्हीकडे छत मात्र एकाच न्यायाने पेलले आहे : खांब, त्यावर तुळई, तिच्यावर आडव्या शिळा. रोमनेस्क चर्च बांधणारे युरोपीय गवंडी अर्धवर्तुळाकार कमानीने दालन झाकीत आणि तिचा रेटा सोसण्यासाठी भिंती जाड ठेवीत. दगडाची तुळई लांब झाली की मधोमध तडकते, म्हणून आपल्याकडे खांब जवळजवळ उभे करावे लागले. आपले मंडप खांबांनी गजबजलेले असतात ते या कारणाने. आणि खांब एवढे आहेतच, तर ते कोरावेत, असे शिल्पकारांना वाटले नसते तरच नवल.

देवळांच्या उत्तरेला दुसऱ्या प्राकारात देवीची मंदिरे आहेत आणि त्यापलीकडे शृंगीतीर्थ ही पायऱ्यांची पुष्करिणी. नंदीने शिंगाने जमीन उकरली, तेथून पिनाकिनीचे पाणी वर आले, अशी कथा आहे. चारी बाजूंनी उतरत्या पायऱ्यांची भूमिती आणि पाण्यात पडलेले ओवऱ्यांचे प्रतिबिंब पाहायला सकाळची वेळ उत्तम.

स्थानिक लोक या देवांचा एक क्रम सांगतात. अरुणाचलेश्वर हे शिवाचे बालरूप, भोगनंदीश्वर हे तरुण, संसारी रूप आणि मधल्या उमामहेश्वराच्या कल्याणमंडपात त्याचा विवाह. म्हणूनच नवविवाहित जोडपी येथे दर्शनाला येतात. महाशिवरात्रीला मोठा रथोत्सव भरतो. चौथी अवस्था उरली ती विरक्तीची, आणि तिच्यासाठी डोंगर चढावा लागतो. माथ्यावरच्या योगनंदीश्वराला असा उत्सव नाही. विरक्ताला लग्न कसले आणि वरात कसली!

वर जाण्यास नागमोडी घाटरस्ता आहे. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांच्यासाठी सुलतानपेठकडून जुनी दगडी पायवाटही आहे. माथ्याची उंची १४७८ मीटर, म्हणजे महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटहून थोडी अधिकच. बंगळूर स्वतःच सुमारे सव्वानऊशे मीटरांवर वसलेले असल्याने ही उंची जाणवत नाही. कठड्यावरून खाली पाहिले की जाणवते. योगनंदीश्वराचे देऊळ कड्याजवळ, तटबंदीच्या आत आहे. खालच्या देवळाचे शिल्पवैभव डोळ्यांत साठवून येथे आलेल्याला पहिल्या क्षणी थोडे रितेपण वाटते. थोडा वेळ बसल्यावर ते रितेपणच बोलू लागते. दगड, वारा, धुके आणि आत एक दिवा, इतकेच. जो थेट गाडीने वर आला त्याला हे देऊळ केवळ लहान वाटते. खालून आलेल्याला ते लहान का आहे हे कळते.

माथ्यावर पाहण्यासारखे बाकीही पुष्कळ आहे. चिक्कबळ्ळापूरच्या पाळेगारांचा किल्ला हैदर आणि टिपू यांनी बळकट केला. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात कॉर्नवॉलिसच्या फौजेने १९ ऑक्टोबर १७९१ रोजी तो घेतला. त्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते. टिपूचे उन्हाळी निवासस्थान आजही उभे आहे. ज्या कड्यावरून कैद्यांना लोटत असे सांगतात, तेथे गर्दी सर्वाधिक असते, याचे आश्चर्य वाटू नये. म्हैसूरचे आयुक्त मार्क कबन यांनी बांधलेल्या बंगल्याला आता नेहरूंचे नाव आहे. १९८६ साली सार्क परिषदेच्या निमित्ताने दक्षिण आशियाचे राष्ट्रप्रमुख या डोंगरावर आले होते. महात्मा गांधींचा येथील मुक्काम आपल्याला अधिक जवळचा. मार्च १९२७ मध्ये कोल्हापूर-निपाणी भागाच्या दौऱ्यात त्यांची प्रकृती अचानक ढासळली. डॉक्टरांच्या सल्ल्याने ते आधी आंबोलीला राहिले आणि एप्रिलमध्ये नंदीला आले. जूनच्या आरंभापर्यंत ते येथे होते. विश्रांतीसाठी ते १९३६ सालीही येथे आले.

हा डोंगर बंगळूरकरांच्या आणखी एका जिव्हाळ्याचा. अर्कावती, उत्तर व दक्षिण पिनाकिनी, पालार या नद्यांचे उगम याच डोंगररांगेत आणि तिच्या आसपास मानले जातात. १९७४ साली कावेरीचे पाणी शहरात आले. तोपर्यंत बंगळूरची तहान मुख्यतः अर्कावतीवरच्या हेसरघट्टा आणि तिप्पगोंडनहळ्ळी या जलाशयांनी भागविली. माथ्यावरचा पाऊस मुरतो की वाहून जातो, हा म्हणून केवळ निसर्गप्रेमींचा प्रश्न नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुसळधार पावसात दरड कोसळून घाटरस्ता वाहून गेला आणि डोंगर काही महिने प्रवाशांना बंद राहिला. त्या महिन्यांत पायथ्याचे भोगनंदीश्वर मात्र आपल्या जागी होतेच.

प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. ढगांचा देखावा चुकवायचा नसेल तर पहाटे वर जावे, पण उतरताना नंदी गावात दोन तास राखून ठेवावेत. ज्यांना घाई नाही त्यांनी सूर्योदयाचा मोह सोडून सातच्या सुमारास आधी खालचे देऊळ गाठावे. त्या वेळी पूर्वेचे कोवळे ऊन थेट शिखरांवर आणि नंदीमंडपांवर येते, अंगण रिकामे असते आणि पाय भाजत नाहीत. दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालणे ही शिक्षाच होय. मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे, पण पूजाअर्चा अखंड चालू आहे. तेव्हा ते वस्तुसंग्रहालयही आहे आणि देवघरही. सुट्टीच्या दिवशी माथ्यावर वाहनांची रांग लागते. शक्य असल्यास मधल्या वारी जावे आणि रस्त्याची व प्रवेशाची चौकशी आधी करावी. वाटेत दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे दिसतात. नाशिककरांनी त्यांना नावे ठेवू नयेत. येथील निळसर-काळी, जाड सालीची, बियांची द्राक्षे ही निराळी जात आहे आणि तिला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

परतताना आणखी अर्धा तास असेल तर पायथ्याजवळच्या मुद्देनहळ्ळीस जावे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्म येथला आणि समाधीही येथेच. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी पुण्यात घेतले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केली आणि पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्यांचे दरवाजे १९०३ साली खडकवासल्याला बसले. १९१३ साली बँक ऑफ म्हैसूर स्थापन झाली तीही ज्या समितीच्या शिफारशीवरून, तिचे अध्यक्ष विश्वेश्वरय्याच होते. ती बँक पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. गावात त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे, आणि गावाच्या पाठीशी नंदीचा डोंगर.